वारूळ म्हणू नका, आग म्हणा

कलावतीनं त्या उन्हाळ्यात पाच किलो लवंगी मिरची कांडली आणि हात न धुताच फोन उचलून खबऱ्याला म्हणाली, "बाबा रे, हातांची नुसती आग आग होतीया, काय लावू सांग." खबऱ्या म्हणाला, "घाबरू नका, मदत निघाली आहे." अकराव्या मिनिटाला तांबटमळ्यात आगीचा बंब हजर. घणघण घंटा, हेल्मेट घातलेले चार गडी आणि दारात कलावती, दोन्ही हात ताकाच्या पातेल्यात. गड्यांनी आधी पाणी सोडलं, मग विचारलं. अंगणात वाळत घातलेल्या कुरडया त्या फवाऱ्यानं उडाल्या त्या थेट ओढ्यापलीकडे. त्यातली एक सात कोसांवर, तिच्या माहेरच्या पत्र्यावर सापडली असं कलावती अजून सांगते. माहेरची माणसं नाही म्हणत नाहीत, म्हणजे खरंच असणार.

गाव आठवडाभर हसलं आणि विसरून गेलं. द्वारका कोळपे तेवढी विसरली नाही.

हा खबऱ्या म्हणजे कुणी माणूस नव्हे, यंत्र. सरकारनं सगळी खाती एकाच नंबरावर आणली आणि त्या नंबरावर याला बसवलं. पिकावर कीड पडो, नळाला पाणी न येवो, कुत्रं पिसाळो, आपल्या बोलीत बोलायचं आणि फोटो पाठवायचा. खबऱ्या तुमचे शब्द ऐकतो, फोटो बघतो आणि आजवर आलेल्या कोट्यवधी तक्रारींशी ताडून ठरवतो, हे काम कुठल्या खात्याचं. तो आला तसा माणसांचा उपयोग संपला. तालुक्याला कृषी सहायकाची आधी खुर्ची गेली, मग टेबल गेलं, आता त्या खोलीत सायकली लावतात. खबऱ्यानं निघ म्हटल्याशिवाय सरकारचा माणूस जागचा हलत नाही.

आगीचं मात्र वेगळं होतं. मागं कुठल्याशा गोदामाला आग लागली तेव्हा खबऱ्या विचार करत बसला की ही खरी आग आहे का होळी. तो विचार करेपर्यंत गोदामाची राख झाली. तेव्हापासून कायदाच झाला. आग हा शब्द कानावर पडला की खबऱ्यानं डोकं चालवायचं नाही, बंब सोडायचा. आणि बंब गेला की पंचनामा माणसानंच करायचा, सही माणसानंच करायची आणि कागद कलेक्टरच्या टेबलावर जायचा.

आता द्वारकेचं सांगते. सोलापूर रस्त्यापासून आत, कालव्याच्या कडेला उत्तमशेठचं 'मखमल लॉन' होतं. साठ एकर हिरवळ, त्यात गेल्या साली परदेशातनं कंटेनरनं मागवलेलीही. लग्नाची कार्यालयं, बंगले, शाळांची मैदानं, सगळीकडे इथली हिरवळ जायची. चटईसारखी कापायची, मातीसकट गुंडाळायची आणि ट्रकात रचायची. द्वारका तिथं सव्वीस वर्षं खुरपायला होती. आता ती खुरपणाऱ्या बायांची मुकादमीण. तिच्या हाताखाली चाळीस बाया आणि त्यात तिची धाकटी जाऊ शेवंता. दोघी जावा एका चुलीवर नांदल्या, एका दिवशी विधवा झाल्या आणि तरी एकमेकींशी सरळ बोलल्या असतील तर शपथ. शेवंता म्हणायची, "अक्काला माझं काही बघवत न्हाई." द्वारका म्हणायची, "बघण्यासारखं काही असलं तर बघंन की."

आषाढात लॉनच्या मधोमध मातीचा एक उंचवटा वर आला. गुडघ्याएवढा, घुमटासारखा, चाळून ठेवल्यासारखी भुसभुशीत माती. बाया खुरपी टाकून जमल्या. उत्तमशेठनं चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाला, "नागोबा स्वतः आलाय आपल्या रानात. हे वारूळ कुणी उकरायचं नाही. पंचमीला इथंच पूजा करू. पहिल्या पूजेचा मान शेवंताबाईंचा."

शेवंता लाजली, फुलली. साठीला आलेली बाई, जन्मात कुणी तिला पहिल्या पंगतीला बसवलं नव्हतं.

द्वारका मात्र वाकून वाकून बघत होती. "शेठ, वारुळाला भोकं असतात. ह्याला तर तोंडच न्हाई. नागोबा आत गेला कुठनं?"

"देवाला दार लागतं का, द्वारकाबाई?"

बाया हसल्या. शेवंता सगळ्यांत मोठ्यानं हसली.

मग रोजचं सुरू झालं. कामावर आलं की शेवंता वारुळावर दूध घालणार, लाह्या टाकणार, हळद-कुंकू वाहणार, हाताचा पंजा टेकवून नमस्कार करणार. तिच्या हातावर बारीक फोड यायचे. दुसऱ्या दिवशी त्या फोडांचं तोंड पांढरं व्हायचं, पिकल्या पुळीसारखं. ती ते मिरवायची. "परसाद हाय नागोबाचा." महिनाभर असं चाललं. आणि एका सकाळी पंजा टेकवून वाकली ती उठलीच नाही. ओठ सुजले, डोळे मिटले, घशातून शिट्टीसारखा आवाज. द्वारकेनं तिला पाठुंगळीला मारलं आणि दीड किलोमीटर पळत आरोग्य केंद्रात नेलं. वाटेत तिनं एक मोटरसायकल मागं टाकली म्हणतात. मोटरसायकलवाला अजून मान्य करत नाही, पण त्या दिवसापासून तो तिला नमस्कार करतो.

डॉक्टर नाझनीन पटेलांनी मांडीत इंजेक्शन दिलं तेव्हा कुठं शेवंतेचा श्वास मोकळा झाला. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात उजेडात धरला, पांढरे फोड मोजले आणि त्यांचाच चेहरा पांढरा झाला.

"मावशी, हे चावलं काय?"

"मुंग्या. वारुळातल्या."

"सगळ्या एकसारख्या होत्या? का लहान-मोठ्या?"

द्वारकेला नवल वाटलं, कारण तिनं तेच बघून ठेवलं होतं. "एकाच बिळातल्या, पण काही खसखशीएवढ्या, काही जिऱ्याएवढ्या. आपली मुंगी कशी, सगळ्या एका मापाच्या. ह्या न्हाईत तशा. आणि मागनं काळपट, पुढनं तांब्यासारख्या."

डॉक्टरीणबाईंनी टॅबवर चित्र काढून दाखवलं. "ही आपल्याकडची नाही. दुसऱ्या खंडातली आहे. जहाजातून, मातीतून, हिरवळीतून देशोदेशी गेलेली. नुसती चावत नाही. दातांनी कातडी धरते आणि मागच्या नांगीनं विष टोचते. एकदा नाही, गोल फिरत सात-आठ वेळा. आणि लबाडी बघा, अंगावर चढताना ती काही करत नाही. आधी शंभर-दोनशे गुपचूप चढतात, मग एकीनं टोचलं की तिच्या वासावर सगळ्या एकदम. वासरं आंधळी होतात हिच्यानं, जमिनीवर घरटं करणारे पक्षी संपतात."

"नाव काय म्हणलं हिचं?"

"इंग्रजी नाव मोठं आहे. आपण आगमुंगी म्हणू. आणि नीट ऐका, यांच्या अंगात आता तिचं विष भिनलंय. शरीर चिडून बसलंय. पुढच्या वेळी चार मुंग्या जरी चावल्या तरी..." त्यांनी इंजेक्शनचं एक जाडसर पेन काढून द्वारकेच्या हातात दिलं. "हे मांडीत दाबायचं, लुगड्यावरून सुद्धा चालेल. पण याच्यावर भरवसा नका ठेवू. त्यांना तिथं जाऊ देऊ नका."

शेवंता कॉटवरून पुटपुटली, "माझं सोवळं चुकलं. आदल्या दिवशी मी अंडं खाल्लं हुतं. पंचमीला अनवाणी जाऊन माफी मागते. दोन्ही हात टेकवते."

पंचमीला नऊ दिवस होते.

द्वारकेनं खबऱ्याला फोन लावला.

"नमस्कार. मी खबऱ्या. आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे."

"आमच्या लॉनात वारूळ हाय, त्यात परदेशी मुंग्या हायेत. माझ्या जावंचा जीव जाता जाता राहिला."

"वारुळाचा फोटो पाठवा."

तिनं पाठवला. लाह्या, हळद-कुंकू, दुधाचे ओघळ, सगळं त्यात आलं.

"धन्यवाद. आपली तक्रार धार्मिक स्थळे विभागाकडे पाठवली आहे. नागपंचमीच्या आपणास शुभेच्छा."

मग तिनं दुसऱ्यांदा लावला. यावेळी वारूळ म्हणायचं नाही असं ठरवून. "मुंग्या हायेत. चावणाऱ्या. विषारी."

"मुंग्यांचा त्रास होत असल्यास साखरेचा डबा घट्ट लावावा. कोपऱ्यात हळद टाकावी. तक्रार निकाली काढली आहे."

"आरं मेल्या, डबा कसला घट्ट लावू? साठ एकराला झाकण बसवू का?"

"आपला प्रतिसाद नोंदवला आहे."

तिसऱ्यांदा तिनं नुसत्या मुंग्यांचा जवळून फोटो काढला. खबऱ्या म्हणाला, स्थानिक लाल मुंगी, निरुपद्रवी. डॉक्टरीणबाईंनी केलेली तक्रारही परत आली. कीटकदंश, उपचार झाले, निकाली.

"का ओळखत न्हाई तो?" द्वारका ओरडलीच त्यांच्यावर. "तुम्ही एका नजरेत वळखलं!"

"कारण मी घाबरते, मावशी. तो घाबरत नाही." डॉक्टरीणबाई दमून बसल्या होत्या. "त्याला कोट्यवधी जुन्या तक्रारी ऐकवून शिकवलंय. त्यात ही मुंगी एकदाही आली नाही. मग तो हिशोब करतो, आजवर कधी आली नाही ती तांबटमळ्यात कशाला येईल? डोळ्यांपुढं धरली तरी तो म्हणणार, ही आपलीच. नवी गोष्ट पहिल्यांदा सांगणारा त्याच्या लेखी नेहमी चुकलेलाच असतो."

द्वारकेनं अकरा वेळा फोन केला. बाराव्या वेळी खबऱ्या अगदी गोड आवाजात म्हणाला, "एकच तक्रार वारंवार केल्यामुळे आपला क्रमांक पंधरा दिवसांसाठी थांबवण्यात आला आहे."

त्या दिवशी द्वारकेनं ज्वारीची भाकरी अशी थापली की परातीला चीर पडली. जिनं सांगितलं तिचं तोंड बांधतात! सव्वीस वर्षं जमिनीवर उकिडवी बसलेली बाई ती. त्या रानातलं गांडूळ न् गांडूळ तिला तोंडओळखीनं माहीत, आणि तिला सांगणार कोण, तर ज्याला ढुंगण टेकायला जमीन माहीत नाही तो.

पुरावाच गोळा करायचा म्हणून ती दुसऱ्या दिवशी तेलकट शेवेची चिमूट बाटलीच्या झाकणात घालून मातीजवळ ठेवायला गेली. या मुंगीला साखरेपेक्षा तेलकट आवडतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. दहा मिनिटांत झाकण मुंग्यांनी भरलं. तिनं चिमट्यानं ते डब्यात टाकलं, डबा आरोग्य केंद्राच्या बर्फाच्या पेटीत ठेवला, आणि मेलेल्या मुंग्या टिकल्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या चिकट कागदावर एकेक करून लावल्या. लहानापासून मोठ्यापर्यंत सात, ओळीनं. बंद डब्याबाहेर जिवंत एकही जाऊ द्यायची नाही, माती तर हलवायचीच नाही, हेही तिनं ध्यानात ठेवलं होतं.

पण डबा उचलताना तिच्या नाकात वास गेला. घासलेटचा. दुधाच्या, लाह्यांच्या, हळदीच्या खालून येणारा.

दोन दिवसांनी तिथं एकाची तीन वारुळं झाली. बायांनी बोटं तोंडात घातली. शेवंता रडली, "तिन्ही ठिकाणी दर्शन दिलं गं!" द्वारकेनं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "या मुंगीच्या एका घरात कधीकधी अनेक राण्या असतात. वरून काही ओतलं की त्या आपापली फौज घेऊन निघतात आणि शेजारी नवं घर मांडतात. कुणीतरी मारायला गेलंय, मावशी. आणि वाढवून आलंय."

द्वारका तडक उत्तमशेठच्या केबिनमध्ये. तो हिशेब न बघता मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

"शेठ, नागोबाला घासलेटचा नैवेद्य कोण दाखवतं?"

त्याची मान वर आली. मग तो हसला. "बसा, द्वारकाबाई."

"बसायला न्हाई आले. तुमास्नी म्हाईत हुतं. ती परदेशी हिरवळ मातीसकट कंटेनरमधनं आणली तुम्ही, तवापासनं म्हाईत हुतं."

"हळू बोला." त्यानं दार लावलं. "पंचमीला सकाळी आठ ट्रक निघतात. चाळीस शाळांची मैदानं. एकदा माल गेला की मी स्वतः औषध मारतो, आईशप्पथ. आत्ता बोंब झाली तर साठ एकराला टाळं लागेल. तुमच्या चाळीस बाया कुठं जातील? आणि वारुळाला कोण हात लावणार? देव आहे तो. लोकांच्या भावना असतात."

"आणि शेवंतेचा जीव?"

"त्यांना मी मान दिलाय," तो म्हणाला. "उद्या भावाचा उपवास आहे ना? सगळ्या बाया माझ्या नावानं धरतात. तुम्हीही धरा. मी तुमचा भाऊच आहे."

पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बाया भावासाठी उपास करतात. द्वारकेला सख्खा भाऊ नव्हता. सव्वीस वर्षं ती उत्तमशेठच्या नावानं उपाशी राहिली होती. यंदा ऐन उपासाच्या दिवशी ती कामावरून घरी आली, सहा अंडी फोडली, पोळी केली आणि अंगणात, सगळ्यांना दिसेल असं बसून चाटूनपुसून खाल्ली.

शेवंता भिंतीआडून बघत होती. "अक्का! आज उपास! पाप लागंल!"

"लागू दे. इकडं ये. उद्या तू तिथं जायचं न्हाई."

"जाणार."

"डॉक्टरीणबाईनी सांगितलंय तुला, मरशील."

"मग मरंन! जल्मात एकदा पहिला मान मिळाला मला. तुला तोच सलतोय. लग्नात पहिला घास तुझा, चुलीवर पहिली भाकरी तुझी, मुकादमीण तू. नागोबानं मला बोलावलंय, तुला न्हाई, म्हणून तू त्याला मुंग्या म्हणतीस."

खोटं असतं तर द्वारका भांडली असती. ती एवढंच म्हणाली, "तुला पाठीवर घेऊन मी पळाले, शेवंते."

"तुला पळायला आवडतं," शेवंता म्हणाली आणि आत गेली.

पंचमी उजाडली. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन तर खणायचीच नाही. म्हणून शेठनं हिरवळ आदल्या दिवशीच कापून घेतली होती. आठ ट्रक फाटकाशी तोंड करून उभे. बाया नव्या लुगड्यांत, मेंदीच्या हातांनी, पुरणाची दिंडं घेऊन गाणी म्हणत निघाल्या. सगळ्यांत पुढं शेवंता, अनवाणी, हातात पूजेचं ताट.

वारुळाशी द्वारका उभी होती. पायात पोटरीपर्यंत गमबूट, गमबुटांना वरपर्यंत पावडर चोपडलेली, कारण पावडरीवरून मुंगीचा पाय घसरतो. हातात बांबूची काठी. कनवटीला ते पेन आणि टिकल्यांचं पाकीट.

"बाजूला हो, अक्का."

"तू तिथंच थांब. एक पाऊल पुढं टाकलंस तर तुझ्या ताटात काठी घालीन."

उत्तमशेठ पुढं आला. पांढरा झब्बा, पांढरी विजार, पायात काही नाही. बरोबर दुसऱ्या वारुळाच्या कडेला येऊन उभा राहिला, देवापाशी उभं राहावं तसा. "द्वारकाबाई, सणाचा दिवस आहे. तमाशा नको."

"तमाशा तर तुमचा हाय, शेठ. ह्यात नाग न्हाई हे सगळ्यांत आधी तुमाला कळलं. सांगा ह्यांना. घासलेट कुणी वतलं सांगा!"

बायांत कुजबूज झाली. शेठचा चेहरा आवळला. "मी पोलिसांना बोलवीन."

"बोलवा की! माझा फोन तुमच्या त्या खबऱ्यानं बंद केलाय. तुमचा चालू असंल. करा फोन. हितंच, माझ्यासमोर करा."

शेठनं फोन काढला. आणि ज्या क्षणी पलीकडून "नमस्कार, मी खबऱ्या" आलं त्या क्षणी, पंचमीच्या दिवशी, चाळीस बायांच्या देखत, द्वारकेनं त्याच्या पायाजवळच्या वारुळात काठी हातभर खुपसली आणि फिरवली.

कुणीतरी किंचाळलं. शेवंतेच्या हातातलं ताट पडलं. माती उकळल्यासारखी हलली. नाग निघाला नाही. भोक नसलेल्या त्या घुमटातून सगळीकडून तांबडा लोट आला आणि काठीवरून, गवताच्या पात्यांवरून, जे उभं दिसेल त्यावरून वर चढायला लागला.

शेठचं पायांकडं लक्षच नव्हतं. तो फोनमध्ये बोलत होता. "हां, एक बाई आहे, धार्मिक स्थळाची विटंबना करतेय..."

"पुढं सांगा की," द्वारका म्हणाली. ती त्याच्या पांढऱ्या विजारीकडे बघत होती. विजार खालून तांबूस होत चालली होती. "नाव सांगा माझं. द्वारका. आडनाव कोळपे. राहणार तांबटमळा. सगळं नीट सांगा. घाई न्हाई."

"द्वारका कोळपे, राहणार तांबटमळा. मी मालक बोलतोय. लोकांच्या भावना भयंकर..." आणि तिथं तो थांबला. त्याच्या तोंडाचा आकार बदलला. एकीनं टोचलं होतं. मग त्या वासावर सगळ्या एकदम.

"आई गं! आग! आग! आग झाली! अरे आग, आग!"

"घाबरू नका," खबऱ्या म्हणाला. "मदत निघाली आहे."

शेठनं उडी मारली ती म्हणे ट्रकाच्या टपाएवढी उंच गेली, आणि वरून त्याला क्षणभर सोलापूर रस्त्यावरचा टोलनाका दिसला. खाली आला तो कालव्याच्या हौदात. बाया मागं पळाल्या, लुगडी झटकत, पाय आपटत. द्वारकेनं शेवंतेला कंबरेत धरून उचललं आणि ट्रकाच्या बोनेटवर नेऊन बसवलं. शेवंतेचे डोळे हौदात बुड्या मारणाऱ्या शेठवर खिळले होते. तिच्या पायावर दोन मुंग्या होत्या. द्वारकेनं त्या नखानं चिरडल्या, टोचायच्या आधी.

बंब आला आणि फाटकात आडवा उभा राहिला. आठही ट्रक आत अडकले. हेल्मेट घातलेले बंबावरचे अधिकारी जवंजाळसाहेब उतरले. कलावतीला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पुन्हा मिरची?"

"न्हाई साहेब," कलावती म्हणाली, "आज मी फक्त बघायला आले."

"आग कुठे आहे?"

बाकीच्या बायांनी लुगडी पोटरीपर्यंत वर केली आणि पाय पुढं केले. कुणाचे चार फोड, कुणाचे चाळीस. हौदातून शेठ विव्हळत होता. जवंजाळ काही बोलायला गेले, तेवढ्यात त्यांच्या बुटाच्या वरच्या फटीतून एक मुंगी आत गेली. पुढची दोन मिनिटं सरकारी बंबावरचे अधिकारी जे नाचले ते बघून बायांना पंचमीचा फेर धरायची गरज उरली नाही.

मग त्यांनी ओला पाय बाकावर ठेवून पंचनामा लिहायला घेतला. "आगीचं कारण?"

द्वारकेनं टिकल्यांचं पाकीट पुढं केलं. चिकट कागदावर सात मेलेल्या मुंग्या, खसखशीपासून जिऱ्यापर्यंत, एका ओळीत. "हे कारण. एका घरातल्या सात. ह्याच्या खाली डॉक्टरीणबाईंची सही हाय. कागदाला टाचणीनं लावा. खबऱ्याला दाखवू नका, माणसाला दाखवा."

जवंजाळांनी तिच्याकडे बघितलं, आपल्या घोट्याकडे बघितलं, आणि त्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: मुंगी.

कागद कलेक्टरच्या टेबलावर गेला, आणि ज्यानं तो वाचला त्याला डोळे होते. चौथ्या दिवशी गाड्याच गाड्या आल्या. साठ एकराला पिवळी फीत लागली. आधीच गेलेला माल हुडकला तेव्हा आणखी अकरा ठिकाणी मुंगी सापडली. त्यांनी मक्याच्या भरड्यात तेल आणि सावकाश काम करणारं औषध मिसळून टाकलं. जालीम नव्हे, सावकाश. कामकरी मुंगीनं मरायच्या आधी ते घरी नेऊन राणीच्या तोंडात घातलं पाहिजे, तर घर संपतं. शेठवर खटला चालू आहे. तो म्हणतो, मला काहीच माहीत नव्हतं.

पण दोन वर्षं त्या रानातून एक ढेकूळ बाहेर जायचं नव्हतं. चाळीस बायांचं काम गेलं. कुणी कालव्यापलीकडे कांद्याला जायला लागली, कुणी घरी बसली. द्वारका पाणवठ्यावर गेली की बोलणं थांबायचं. "आली आगलावी," असं एकदा तिच्या पाठीमागं कुणीतरी म्हणालं. तिनं मागं वळून बघितलं नाही. रात्र-दिवस धुमसत मात्र राहिली. शेठवर, खबऱ्यावर, आणि ज्यांच्या पायांचे फोड अजून वाळले नव्हते त्या बायांवरही.

शेवंता पाच महिने तिच्याशी बोलली नाही.

मग पौषातल्या एका दुपारी ती आली. उंबऱ्याबाहेरच उभी. हातात टिकल्यांचं पाकीट.

"तुझ्याकडं बोलायला न्हाई आले. हे बघ फक्त."

चिकट कागदावर पाच मुंग्या होत्या. लहान-मोठ्या. पुढनं तांबड्या, मागनं काळपट.

"कुठं मिळाल्या?"

"वढ्याच्या कडंला. शेव ठिवली हुती झाकणात, चिमट्यानं उचलली, बर्फात घातली. हात न्हाई लावला." शेवंता खाली बघत म्हणाली, "त्याच हायेत का गं, अक्का?"

द्वारकेनं कागद उजेडात धरला. "त्याच."

तेवढ्यात फोन वाजला. खबऱ्या.

"नमस्कार. आपल्या वारुळाच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. सदर जागेची धार्मिक स्थळ म्हणून यशस्वी नोंद करण्यात आली आहे. आपण आमच्या सेवेवर समाधानी असाल, तर हो म्हणा."

द्वारकेच्या कानशिलांवरच्या शिरा तट्ट फुगल्या. पाच महिन्यांचं सगळं एकदम वर आलं.

"आग लागो तुझ्या मेल्या तोंडाला!"

"घाबरू नका," खबऱ्या म्हणाला. "मदत निघाली आहे."

शेवंतेचा हात आधी तोंडावर गेला, मग खाली आला. दारावरनं जाताना ते ऐकलेली कलावती ओढ्याच्या दिशेनं ओरडत गेली, "कुरडया उचला गं! कुरडया!"

शेवंतेनं पाच महिन्यांत पहिल्यांदाच उंबरा ओलांडला. तिनं टिकल्यांचं पाकीट टेबलावर मधोमध, नीट दिसेल असं ठेवलं, चुलीपाशी गेली आणि पातेल्यात पाणी ओतलं.

"चार गडी न् जवंजाळसाहेब," ती म्हणाली. "साखर कुठं ठिवलीस, अक्का? डबा घट्ट लावलाय न्हवं?"